गवतफुलासाठी लहान होताना

इंदिरा संत यांच्या ‘गवतफुला’ या कवितेत कुठलीच मोठी गोष्ट मोठी राहत नाही. पहाटेचं आभाळ त्या फुलाहूनही लहान होऊन खाली येतं आणि त्याला दवाचे कण भरवतं. वारा आपला सगळा दांडगेपणा सोडून इवलासा होतो आणि फुलाशी झोके घेत खेळतो. रात्रसुद्धा लहान होऊनच अंगाई गाते. ही सगळी थोर मंडळी लहान झाल्यावर मग बोलणारा मुलगा आपली इच्छा सांगतो: मलाही लहान व्हायचंय, अगदी तुझ्यापेक्षाही.

अनेकांनी ही कविता शाळेत चालीवर म्हटलेली असते. सोळा आणि चौदा मात्रांच्या ओळी आहेत, आठ-आठ मात्रांच्या हेलकाव्यावर चालणाऱ्या. ओळीच्या शेवटी दोन मात्रांची जागा रिकामी राहते आणि तिथे मूल श्वास घेतं. त्यामुळे ती सहज पाठ होते आणि पाठ झालेल्या कवितांचं जे होतं तेच तिचंही होतं. अर्थाकडे पुन्हा कुणी वळत नाही. पुढे दहावीत रसग्रहण म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे भरायची सवय लागते. ‘निसर्गाशी तादात्म्य पावलेले बालमन’ एवढं लिहिलं की आशयाचा कप्पा भरला. मला ही कविता खरी उलगडली ती कुंडीपाशी. तिच्यात रानफूल सांभाळायची जवळजवळ पूर्ण रीत सांगितलेली आहे, असं मला वाटतं आणि ते मी थोडं विस्ताराने मांडणार आहे.

आधी फुलाबद्दल. इंदिराबाईंनी फुलाचं नाव घेतलेलं नाही. रेशमासारखी हिरवी पाती, निळी पाकळी, पिवळे पराग एवढं वर्णन वाचून वनस्पतिशास्त्राचा माणूस लगेच बोट ठेवायला जाईल, पण कवितेत रंग याहून अधिक आहेत आणि एकाच जातीवर ते तंतोतंत बसवायचा हट्ट करू नये. माळावर चालणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत चार फुलांचे रंग एकमेकांत मिसळले असतील, तर त्यात काही बिघडत नाही. माझा दावा फक्त इतकाच की मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याने या कवितेतल्या फुलाच्या सर्वांत जवळ जायचं असेल, तर त्याने केना पाहावा.

केना म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस. पावसाळ्यात मुलुंडला डोंगराकडच्या रस्त्यांवर, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत, आरेच्या वाटांवर, घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या कंपाउंडच्या कडेला, अंधेरीला रेल्वेच्या रुळांशेजारच्या ओलीत तो हमखास दिसतो. जमिनीवर पसरत जाणारी रसाळ फांदी, अंडाकृती पानं, देठाच्या आवरणावर तांबूस केस, आणि पानांच्या बगलेत नरसाळ्यासारखी हिरवी कुपी. त्या कुपीतून सकाळी एक निळं फूल बाहेर येतं. मोठ्या माणसाच्या करंगळीच्या नखावर मावेल एवढं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांची दृष्टी मंद असेल असं नाही, त्यांची वेळ चुकते. दुपारी जेवणाच्या सुमाराला फूल संपलेलं असतं. सुकलेलं म्हणता येणार नाही, कारण पाकळ्या वाळत नाहीत. विरघळून पाणी झाल्यासारख्या मिटतात. दुसऱ्या दिवशी त्याच कुपीतून दुसरं फूल.

हा निळा रंग किती कच्चा असतो याचा उपयोग जपानी कारागिरांनी करून घेतला आहे. केन्याच्याच एका भाऊबंदाच्या पाकळ्यांच्या निळ्या रसाने ते युझेन पद्धतीच्या रेशमी कापडावर नक्षीचा कच्चा आराखडा काढत. नक्षी पक्क्या रंगात भरली की आराखडा पाण्याने धुऊन टाकायचा. पुसलं जाणं हाच त्या निळ्याचा गुण.

फूल भिंगाखाली धरलं की कवितेपेक्षाही खट्याळ निघतं. वर दोन निळ्या पाकळ्या, मोठ्या आणि ऐटीत. खाली तिसरी, लहान आणि फिकट. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या वंशाला कॉमेलिना नाव दिलं ते नेदरलँड्समधल्या, ॲमस्टरडॅमच्या कॉमेलिन घराण्यावरून. त्याने दिलेलं कारण मजेशीर आहे: दोन ठळक पाकळ्या म्हणजे या घराण्यातले दोन नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, यान आणि त्याचा पुतण्या कास्पर, आणि तिसरी फिकी पाकळी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा. यातला यान कॉमेलिन आपल्याला अगदीच परका नाही. केरळच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या प्रचंड ग्रंथाला त्याने टिपा लिहिल्या होत्या. आपल्या केन्याला लिनियसने १७५३ साली नाव दिलं आणि त्यात बंगाल आला. कंपाउंडच्या कडेला उगवणाऱ्या तणाच्या नावात ॲमस्टरडॅम आणि बंगाल दोन्ही नांदतात!

पण खरी गंमत पिवळ्यात आहे. फुलात पिवळेधमक जे ठिपके चमकतात, ते पराग देणारे पुंकेसर नव्हेत. ते वांझ पुंकेसर. फलधारणेच्या कामाचे पुंकेसर वेगळे, खाली, बरेच कमी नजरेत भरणारे. केन्याच्या फुलात मधही नसतो. तरी माश्या आणि लहान मधमाश्या त्या पिवळ्या झगमगाटाला भुलून येतात, तिथे फारसं काही मिळत नाही, आणि त्या खटाटोपात त्यांच्या पोटाला खालचे खरे पराग चिकटतात. म्हणजे हे फूल किड्यांना चक्क फसवतं.

आता कवितेचा शेवट आठवा. मुलाला फुलाची भाषा शिकायची आहे, त्याला गोष्टी सांगायच्या आहेत, त्याचे खेळ शिकायचे आहेत, त्याला जादू शिकवायची आहे, आभाळाकडे हट्ट करायचा आहे. आणि सगळ्यात शेवटी, फुलाचेच रंगीत कपडे अंगावर चढवून फुलपाखरांना फसवायचं आहे. वर्गात हा भाग ‘गोड कल्पना’ म्हणून पुढे सरकतो. खरं तर इथे मुलगा फुलाचा धंदा अचूक ओळखतो. रंगीत कपडे फसवण्यासाठीच असतात, हे फुलाला माहीत आहे आणि मुलालाही. इंदिराबाईंना वांझ पुंकेसरांची माहिती होती असं मला सुचवायचं नाही. तशी गरजही नाही. इतकं लक्ष देऊन पाहणाऱ्याला फुलाचा स्वभाव कळतो, एवढंच. बालकवितेत निसर्ग बहुतेक वेळा निरागस असतो. या फुलाला थोडी लबाडी दिली आहे आणि ती कवयित्रीने त्याचा दोष म्हणून नव्हे तर खेळ म्हणून दिली आहे, म्हणून ही कविता गुळचट होता होता वाचते.

मधल्या कडव्यांत आभाळ फुलाला दव भरवतं ते कणाकणाने. लहान बाळाला भरवावं तसं. रानफुलाच्या संगोपनातली सगळ्यात मोठी चूक नेमकी इथे होते, ती म्हणजे जास्त भरवणं. नर्सरीतून आणलेल्या गुलाबाला खत लागतं, छाटणी लागते, फवारणी लागते. ती सवय हाताला लागलेली माणसं रानफूल आणलं की त्याच मायेने त्याला शेणखत, गांडूळखत, एनपीके सगळं घालतात. केना मग पानांनीच फोफावतो, पसरतो, कुंडीबाहेर लोंबतो, आणि फुलाच्या नावाने बोंब. त्याला पसरट, उथळ कुंडी द्यावी. साधी लाल माती, तळाला विटेचे तुकडे, वर मूठभर जुनं शेणखत, बस्स. सकाळचं ऊन मिळणारी गॅलरी उत्तम. पूर्ण सावलीत तो जगतो, पण फुलायचा कंटाळा करतो.

आणायचा कसा, हे सोपं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत त्याची कोवळी रोपं वर येतात. सोसायटीचा माळी उपटून टाकतो त्यातलीच एक फांदी मागून घ्यावी. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उपटून आणू नये. तो गुन्हा आहे, आणि भिंतीच्या बाहेर केना हवा तेवढा असताना त्याची गरजही नाही. फांदीला जिथे पेर असतं तिथे मुळं फुटतात. दोन पेरांचा तुकडा मातीत आडवा ठेवायचा, वर बोटभर माती सारायची. उन्हाळ्यात कुणी असे तुकडे तळपत्या लादीवर टाकले तरी ते लवकर मरत नाहीत, याची शेतकऱ्यांना चांगलीच कल्पना आहे. पावसाळ्यात उघड्या गच्चीवरच्या कुंडीला पाणी घालायचा प्रश्नच नाही; उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बॉक्स ग्रिलच्या आत, स्लॅबखाली कुंडी असेल तर माती वरून कोरडी झाल्यावर पाणी द्यावं. गोगलगाई तेवढ्या रात्री टॉर्च घेऊन वेचाव्यात. बाकी करण्यासारखं फार काही नाही. फुललेलं फूल काढून टाकायला नको, कारण ते स्वतःच पाणी होऊन जातं.

करण्यासारखं काही नसणं हेच पुष्कळांना जड जातं. बागकामात आपण कर्ते असतो. हात मातीत हवेत, कात्री चालायला हवी. कवितेतले सगळे मोठे फुलाजवळ जाऊन काय करतात पाहा. आभाळ थोडं भरवतं, वारा खेळतो, रात्र गाते. कुणीही फुलाला दुसरीकडे नेत नाही, वळण लावत नाही. आणि कुणी त्याला खुडत नाही! हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पहाटे फिरायला निघणारे काही सज्जन हातात आकडी घेऊनच निघतात आणि दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद, तगर, अनंत पिशवीत भरून आपल्या देवाला वाहतात. देव ते कसं सहन करतो, देव जाणे. कवितेतला मुलगा फुलावर इतका लुब्ध झाला आहे की हातातला पतंग विसरला, बरोबरचा मित्र विसरला, शाळा आणि घर विसरायला तयार आहे, पण फूल तोडून खिशात टाकायचा विचारसुद्धा त्याच्या मनात येत नाही. लळा लागणं आणि हवंसं वाटणं यांत इंदिराबाई फरक करतात, तोही न सांगता.

पतंगावरून आठवलं. मुंबईत पतंग उडतात ते संक्रांतीला आणि तेही गच्चीवरून. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीच्या आभाळात जानेवारीत पतंगांची गर्दी असते तेव्हा उघड्यावरचा केना बहुतेक सुकून गेलेला असतो. म्हणजे उपनगरातल्या मुलाला पतंग आणि गवतफूल एकाच दिवशी भेटणं कठीण. कवितेला पंचांग लागत नाही, हे खरं. पण माळ लागतो, आणि तो आपल्याकडे उरलेला नाही. मैदानं आहेत, त्यांवर क्रिकेट आहे, आणि गवताला उभं राहायची परवानगी नाही. गवतफूल राहिलं ते कडेला, फटीत, नाल्याच्या काठाला.

तिथेही ते टिकतं ते माळ्याची नजर पडेपर्यंत. यात माळ्याचा दोष नाही. त्याला पगार तण काढण्याचा मिळतो. ज्या वाफ्यातून केना उपटला जातो त्याच वाफ्याच्या कडेला जांभळ्या पोटाच्या पानांचा रिओ रांगेत लावलेला असतो, आणि वर ग्रिलला जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची ट्रॅडेस्कॅन्शिया टांगलेली असते. दोन्ही परदेशातून, मेक्सिकोच्या बाजूने आलेल्या, आणि दोन्ही केन्याच्याच कुळातल्या. नर्सरीत पैसे मोजून आणलेली चुलतबहीण दिवाणखान्यात आणि घरचा पोर कचऱ्याच्या गाडीत! सोसायटीच्या सभेत मी हे एकदा बोलून पाहिलं. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता, त्यामुळे चर्चा झाली नाही.

केन्याचं कौतुक शेतकऱ्यासमोर मात्र करू नये. सोयाबीन, कापूस, भुईमुगाच्या रानात तो खरोखर छळतो, आणि अमेरिकेत तर तो संघराज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. जॉर्जियाच्या कापूसपट्ट्यात ग्लायफोसेट या तणनाशकालाही तो सहजी दाद देत नाही. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना त्याचं बी कधीही पाठवू नये, आणि इथेही तो कुंडीतच ठेवावा, भाजीच्या वाफ्यात सोडू नये. स्वतः तो भाजीही आहे: पावसाळ्यात त्याची कोवळी पानं बेसनात बुडवून भजी करतात, पातळ भाजीही होते. नाल्याकाठचा आणि फवारणी झालेला केना खाऊ नये, घरच्या कुंडीतला खावा. ज्याचं रसग्रहण करायचं त्याचीच भजी करणं अनेकांना पटणार नाही. मला पटतं. कवितेतल्या मुलालाही फुलाबरोबर खाऊ खायचा आहेच.

इंदिरा संतांची (१९१४–२०००) ओळख मराठीत वेगळी आहे. पती नारायण संतांबरोबरचा ‘सहवास’ (१९४०) हा कवितासंग्रह, त्यांच्या अकाली मृत्यूनंतरचं एकटेपण, ‘शेला’ आणि ‘मेंदी’पासून साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘गर्भरेशीम’पर्यंत ती विरहाची कविता. त्या कवितेतही निसर्ग आहे, पण तिथे तो बहुतेक वेळा मनाचा रंग घेऊन येतो. पाऊस आला तरी आठवण घेऊन येतो. ‘गवतफुला’मध्ये उलट आहे. इथे माणूस आपलं मन बाजूला ठेवून फुलाचा रंग अंगावर घ्यायला बघतो. त्यामुळे मी या कवितेला त्यांच्या मोठ्या कवितांच्या खालोखाल ठेवत नाही, शेजारी ठेवतो. तिच्यात एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. आभाळ, वारा, रात्र सगळं वर आहे, आजूबाजूला आहे. माती कुठेच नाही. मुलगा माळावर उभा आहे आणि त्याचं लक्ष जमिनीच्या वरच्या वीतभर भागावरच आहे.

केन्याची अर्धी गोष्ट नेमकी त्या जमिनीखाली घडते. या जातीला दोन प्रकारची फुलं येतात. निळी आपण पाहतो ती. दुसरी येतात मातीखाली, पांढुरक्या आखूड फांद्यांवर. ती कधीच उघडत नाहीत, त्यांना रंग दाखवायची गरज नसते, किडा लागत नाही, वारा लागत नाही. बंद कळीतच त्यांचं परागीभवन होतं आणि तिथेच बी धरतं. वरच्या फळात साधारण पाच बिया, एक मोठी आणि चार लहान. खालच्या फळात तीन, एक मोठी आणि दोन लहान. चार आकारांच्या बिया, आणि त्या सगळ्या एकदम रुजत नाहीत. पाऊस फसवा निघाला, माळ्याने वरचं सगळं उपटलं, बकऱ्यांनी खाल्लं, तरी मातीत काही शिल्लक राहतंच. फूल लहान होतं म्हणून आपण कौतुक करत होतो; इथे ते दिसेनासं होऊन काम करतं.

म्हणून केन्याची कुंडी सांभाळायची खरी परीक्षा पावसात नाही, उन्हाळ्यात असते. नोव्हेंबरनंतर पाणी तोडलं की झाड पिवळं पडतं, मग वाळतं, आणि डिसेंबरपासून जूनपर्यंत ग्रिलमध्ये एक मातीने भरलेली, वरून अगदी निकामी दिसणारी कुंडी अडून राहते. मुंबईच्या घरात अर्धा फूट जागा सहा महिने रिकाम्या मातीसाठी राखून ठेवणं सोपं नाही. घरचे विचारतात, तिथे मनीप्लांट का नाही लावत? पाहुणे त्यात चहाची पत्ती टाकतात. ती माती ओतून टाकायची नाही, उकरायची नाही, दुसऱ्या कुंडीत मिसळायची नाही. वाळलेल्या फांद्या तशाच वर पसरू द्याव्यात. रात्र जशी फुलाला अंगाई म्हणते, तसं या कुंडीसाठी आपल्याला करता येण्यासारखं एवढंच.

ज्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, त्यांना एक विनंती. कविता पाठ करून घ्यायची असेल तर ती संध्याकाळी दिव्याखाली घेऊ नका. या जूनमध्ये माळ्याकडून दोन पेरांचा केना मागून आणा, मुलाच्याच हाताने लावू द्या, आणि ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी सकाळी आठच्या आधी त्याला कुंडीपाशी पालथं पडून कविता म्हणू द्या. उशीर करू नका, दुपारपर्यंत फूल संपतं.